दिव्याआधी पाणी

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांनी आपापली जनित्रे सुरू केली, आणि बाहेरचे जाळे कोसळले असता मुंबईपुरती वीज अलग राखावी या हेतूने 1981 पासून सिद्ध ठेवलेली यंत्रणा नेमकी त्या दिवशी उपयोगी पडली नाही. काही भागांत दोन-तीन तासांत, काही भागांत रात्र पडल्यावर पुरवठा पूर्ववत झाला. या प्रसंगाची एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे: दिवस चांगला वर आलेला होता आणि दिव्याची निकड कोणालाच नव्हती. निकड होती ती गच्चीवरच्या टाकीत पाणी चढविणाऱ्या पंपाची, बाराव्या मजल्यावरच्या वृद्धांना खाली आणणाऱ्या लिफ्टची आणि पोर्चच्या कोपऱ्यात निमूटपणे पडून असलेल्या त्या भूमिगत टाकीच्या झाकणाची, जे उघडून बादली कशी सोडावी हे इमारतीतील बहुतेकांना ठाऊक नव्हते.

वीज गेली म्हणजे अंधार झाला, आणि अंधार झाला म्हणजे मेणबत्ती पाहिजे, या समीकरणावर आपल्या घरांतील आपत्कालीन तरतुदीची सारी इमारत अद्यापि उभी आहे. ज्या काळी घरात विजेवर फक्त दिवाच चालत असे, त्या काळी हे समीकरण यथार्थ होते. आज पाणी, दळण, स्वयंपाक, निरोप, पैसा आणि औषध ही सर्व विजेच्या एकाच तारेला बांधली गेली असताना घरातील बेगमीचा विचार प्रथमपासून नव्याने करणे प्राप्त आहे. हा विचार करताना आपल्या पूर्वजांची या बाबतीतील रीत काय होती, तिच्यातले काय टिकले, काय गेले, आणि जे गेले त्याबद्दल हळहळण्यात कितपत अर्थ आहे, याचाही आढावा घेतला पाहिजे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी जे विवेचन आहे, त्याच्याकडे इतिहासाचे अभ्यासक राजनीती म्हणून पाहतात, गृहव्यवस्थेच्या दृष्टीनेही ते वाचण्यासारखे आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, हे तर त्यात आहेच. परंतु पाणी आहे म्हणून स्वस्थ राहू नये, झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, सबब साठवणीची टाकी वेगळी बांधून ते पाणी जपून ठेवावे, हा पुढचा उपदेश अधिक मोलाचा आहे. नित्याच्या पुरवठ्याचा जो उगम, तोच नेमका संकटसमयी बंद पडतो, हे मर्म त्या मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या आरंभी ओळखले होते. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीने कारखानीस हा स्वतंत्र अधिकारी असे, आणि धान्य व सामग्री यांचा हिशेब त्याच्याकडे असे. 1660 साली सिद्दी जौहराने पन्हाळ्याला घातलेला वेढा कित्येक महिने चालला. त्या गडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन प्रचंड कोठ्या आजही पाहावयास मिळतात; त्या पाहणाऱ्याने भिंतींच्या जाडीबरोबर, एवढे धान्य वर्षानुवर्षे उतरविणारा, मोजणारा आणि जुने होण्याआधी खर्ची घालणारा कारभार कसा असेल, याचीही कल्पना करून पाहावी. साठा करणे हे अर्धेच काम. तो फिरता ठेवणे हे उरलेले अर्धे.

गडावरून खाली घराकडे आले तर महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात साठवणीची आपापली व्यवस्था होती. देशावर आणि मराठवाड्यात जमिनीखालचे पेव, मातीच्या भिंतीत सोडलेले बळद, घरात कोठी आणि उतरंड. कोकणात बांबूच्या विणीची, शेणाने सारवलेली कणगी. यांतील शहाणपण असे की, कणगीत तांदूळ नसे, भात असे. तूस अंगावर असलेल्या दाण्याला कीड सहसा लवकर लागत नाही, कांडलेला तांदूळ मात्र पावसाळी हवेत दोन महिन्यांत पोरकिड्यांनी भरतो. म्हणून लागेल तेवढेच भात काढून कांडावयाचे. कडधान्याला राख चोळून ठेवीत, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावीत, गव्हात कडुनिंबाचा पाला घालीत, आणि या सर्वांच्या आधी वैशाखाचे कडकडीत ऊन देत. धान्यातील ओलावा घालविणे हाच सगळ्या साठवणीचा पाया आहे, बाकीचे उपाय त्यावरचा कळस. हे आजच्या धान्यशास्त्रालाही मान्य व्हावे.

कोकणातल्या आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण मराठी घराने आपत्काळासाठी केलेल्या पूर्वतयारीचे ते सर्वांत परिपूर्ण उदाहरण आहे. मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनच्या सुमारास लागते. त्याच्या आत घर शाकारून, पावळीला झडप बांधून, लाकूडफाटा आणि गोवऱ्या पडवीत रचून झाल्या पाहिजेत. गुरांच्या पेंढ्याची उडवी झाकली गेली पाहिजे. आणि माळ्यावर, फळीवर, शिंक्यावर चार महिन्यांचे जिन्नस आपापल्या जागी गेले पाहिजेत. मिरची, हळद आणि मसाला कांडून होत तो चैत्र-वैशाखात. चिंच आणि आमसुले मीठ लावून बरणीत. मीठ स्वतः सगळ्यांत नाठाळ. ते पावसात पाझरते, म्हणून त्याला चुलीच्या जवळची ऊबदार जागा. पापड, कुरडया, सांडगे, पोह्यांची मिरगुंडे, फणसाची साठे, आंबापोळी ही उन्हात वाळून डब्यांत; मेतकूट आणि भाजणी शेवटी, कारण त्यांचा वास लवकर उडतो. मत्स्याहारी घरांत सुके बोंबील, जवळा आणि सोडे. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीच्या तोंडावर दादरा बांधावयाचा तो दोन पदरी, आणि त्याची गाठ एकदा बांधली की आषाढी उलटेपर्यंत घरातल्या पोरांना तिच्याकडे फिरकण्याची परवानगी नसे. गोव्यात हाच व्यवहार पुरुमेंत या नावाने चालतो आणि मडगावला पावसाच्या तोंडावर त्याची फेस्ताच्या निमित्ताने मोठी पेठ भरते. मीठ, सुकी मिरची, सुके मासे, कोकम यांची खरेदी हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरे तेथे करीत आली आहेत.

या व्यवस्थेचे वर्णन करताना लेखण्या हळव्या होतात. परंतु तिचा खर्च कोणी सोसला, हेही त्याच शाईने लिहिले पाहिजे. चैत्र-वैशाखाच्या दुपारी अंगणात कुरडयांचा चीक घाटणाऱ्या, मिरच्यांच्या खकाण्यात शिंकत मुसळ धरणाऱ्या आणि रात्री डब्यांची मोजदाद करणाऱ्या बायकांच्या श्रमांवर ती उभी होती, आणि त्या श्रमांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. ज्या घरात भात पिकत नव्हते त्या घरात आगोट उसनवारीची होती, व भादव्यात तीही संपे. तेव्हा जुने घर स्वयंपूर्ण होते असे सरसकट म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होय. काही घरे स्वयंपूर्ण होती. पुष्कळ घरे पावसाळ्याच्या अखेरीस अर्धपोटी होती. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटावी लागली, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाव्या लागल्या. त्या वेळी बळदे आणि पेवे बांधलेली होतीच, भरलेली मात्र नव्हती.

या जुन्या व्यवस्थेनंतरच्या पाऊणशे वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. 1943 साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि शहरी माणसाच्या बेगमीची जागा शिधापत्रिकेने घेतली. घरासाठी वर्षाचे धान्य भरणे आणि बाजारासाठी धान्य दडविणे यांतील सीमारेषा सरकारी अंमलाच्या कक्षेत आली. 1955 चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा हा त्याच विचाराचा स्थायी परिणाम. रॉकेल शिधापत्रिकेवर मिळे, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यात तयार झालेला प्रभाकर कंदील खेडोपाडी टांगला गेला. संध्याकाळी राखेने काच पुसणे, वात कातरणे आणि रॉकेलची पातळी पाहणे, हे काम घरातल्या एका मुलाकडे ठरलेले असे. वीज आली तशी ही कामे गेली. कंदिलाच्या मागोमाग जाते गेले, पाटा-वरवंटा गेला, विहिरीवरचा रहाट गेला, आणि चुलीपाठोपाठ रॉकेलचा स्टोव्हही दिसेनासा झाला. या सर्व साधनांना निरोप देताना कोणी अश्रू ढाळले नाहीत, आणि ते योग्यच झाले. मात्र त्यांच्या जागी आलेली सर्व साधने एकाच उगमावर अवलंबून आहेत, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

संकटांनी ते वेळोवेळी लक्षात आणून दिले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांध गेला, आणि ज्या जलाशयातून पुण्याच्या नळांना पाणी येई तोच रिता झाला. पुरात बुडालेल्या शहराला पुढे पाण्याचीच टंचाई सोसावी लागली आणि जुन्या विहिरींची आठवण झाली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि उपनगरांतील अनेक वस्त्या तळमजल्यावर पाणी व नळाला कोरड अशा विचित्र अवस्थेत राहिल्या. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांच्या पुराने कोल्हापूर व सांगली वेढली गेली. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद, कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रे पाण्याखाली, पेट्रोलची विक्री आपत्कालीन सेवांपुरती राखून ठेवलेली, आणि दुधाच्या या जिल्ह्यात दुधाचे वाहतुकीवाचून हाल. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे हजारो खांब आडवे केले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक वाड्यांना आठवडेच्या आठवडे विजेवाचून काढावे लागले. त्या गावांतून विहिरी पाण्याने भरलेल्या होत्या. पंप चालत नव्हते, आणि रहाट केव्हाच काढून टाकलेले होते.

म्हणून या आढाव्यात पाण्याला पहिले स्थान द्यावयाचे. आपत्तीतील मदतकार्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानदंड आज प्रमाण मानले जातात, त्यांनुसार माणशी दररोज सुमारे 15 लिटर पाणी सर्व गरजांसाठी लागते, आणि त्यांतील अडीच ते तीन लिटर केवळ पिण्यासाठी व अन्नातून पोटात जाण्यासाठी. चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी पिण्याचे 36 लिटर आणि एकंदर 180 लिटर, एवढा हा हिशेब आहे. 180 लिटर म्हणजे एक मोठे पिंप. पूर्वीच्या घरातल्या एका रांजणात आणि दोन हंड्यांत मावणारे पाणी. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पिंपाला जागा कोठून आणावी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की पिण्याच्या पाण्याचे दोन झाकणबंद कॅन कायम भरलेले असावेत, बाकीच्या पाण्यासाठी वादळाचा किंवा अतिवृष्टीचा इशारा मिळताच बादल्या, टब, पातेली, कुकरसुद्धा भरून घ्यावे. ही तत्परता फुकट असते आणि तिच्याइतका गुण दुसऱ्या कोणत्याही खरेदीला येत नाही.

येथे एक अडचण उभी राहते, तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. साठवलेल्या उघड्या पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो, आणि म्हणूनच आपल्या नगरपालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून कंठशोष करीत असतात. पावसाळा हाच पाणी साठविण्याचा काळ आणि तोच डासाचा. घट्ट झाकण अथवा दादऱ्यासारखे दुपदरी कापड, आणि वापरावयाचे पाणी आठवड्याला पालटून भांडे घासून पुन्हा भरणे, एवढ्याने दोन्ही पक्षांचे समाधान होते. पूर ओसरल्यानंतरचे विहिरीचे पाणी तुरटी फिरवून निवळले तरी ते निर्जंतुक होत नाही. ते उकळावे किंवा क्लोरिनच्या गोळीने शुद्ध करावे. गावांतून ग्रामपंचायत विहिरीत टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडर टाकते; ती वेळेवर पडली की नाही, याची चौकशी करण्यास संकोच बाळगू नये. शहरांतल्या घरी भिंतीवर बसविलेले जलशुद्धीकरण यंत्र बहुधा विजेवर चालते, ही गोष्ट वीज गेल्यावरच आठवते.

अन्नाची बाब पाण्याइतकी निकडीची नाही, तरी तिच्यात एक खाच आहे, जी देशावरच्या घरांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपल्याकडे वर्षाचे गहू-ज्वारी भरण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती स्तुत्य आहे. पण घरात दोन पोती गहू असून पीठ नसेल, तर गिरणी बंद पडल्याबरोबर त्या पोत्यांचा उपयोग उंदरांपुरता उरतो. पीठ जास्त दळून ठेवावे म्हटले तर बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट होते, गव्हाचेही पावसात फार दिवस चांगले राहत नाही. तेव्हा भाकरी-पोळीच्या घरानेही आपत्काळासाठी तांदूळ, रवा, पोहे आणि डाळी यांच्यावर भिस्त ठेवावी. चौघांना दोन आठवड्यांस साधारण 20 किलो धान्य आणि 4 किलो डाळ पुरते. यात पोह्यांचे माहात्म्य वेगळे. चूल नसली तरी पाण्याचा हबका मारून ओले खोबरे, कांदा, मीठ आणि लिंबू यांत ते दडपता येतात. भाजके शेंगदाणे, गूळ, फुटाणे, कुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, सातूचे पीठ हे सर्व विस्तवाशिवाय पोटात घालण्याजोगे जिन्नस होत, आणि ते परदेशी डबाबंद खाद्यांपेक्षा स्वस्त, परिचित व टिकाऊ आहेत. शीतपेटीविषयी एवढेच की, दार न उघडता तीत ठेवलेले अन्न चार तासांपर्यंत सुरक्षित मानावे; त्यानंतर दूध, मांस आणि शिजवलेले पदार्थ यांच्या बाबतीत काटकसर करू जाणे म्हणजे रोगाला आमंत्रण.

साठवणीच्या रसायनांबद्दल दोन कडक शब्द लिहिणे आवश्यक वाटते. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर घालण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. दोन्ही पदार्थ पोटात जाण्याच्या लायकीचे नाहीत. आणि गोदामासाठी विकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणणे हा निव्वळ अविचार होय. हवेतील ओलाव्याने त्यांतून निघणाऱ्या वायूने निजलेली माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. ऊन, कोरडा डबा, कडुनिंबाचा पाला आणि वेळेवर खर्च, याहून अधिक काही घरगुती साठ्याला लागत नाही.

इंधनाच्या बाबतीत सिलिंडरचे घर नळाच्या गॅसापेक्षा किंचित अधिक स्वतंत्र, आणि केवळ विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करणारे घर सर्वांत परावलंबी. 14.2 किलोचा दुसरा सिलिंडर घरी असणे ही चैन नव्हे. कोळशाची शेगडी किंवा छोटे जनित्र बंद खोलीत अथवा गॅलरीच्या बंदिस्त कोपऱ्यात चालविणे प्राणघातक आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि माणूस गुदमरण्यापूर्वीच ग्लानीत जातो.

दिव्याला आता या क्रमात जागा मिळते. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्राच्या घरोघरी इन्व्हर्टर आले. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे, त्या काळची ही सोय. त्याच्याविषयी लोकांच्या अपेक्षा मात्र अवास्तव असतात. 150 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. प्रत्यक्षात ती पूर्ण रिकामी करू नये आणि यंत्रात काही ऊर्जा वाया जाते, म्हणून 1100 ते 1200 धरावेत. 75 वॉटचे दोन पंखे आणि 9 वॉटचे चार एलईडी दिवे एकत्र 186 वॉट खातात. म्हणजे सहा तास. पंखे बंद ठेवून नुसते चार दिवे लावले तर तीच बॅटरी 30 तासांच्या आसपास चालते. एका रात्रीची वीज जाणे आणि तीन दिवसांची वीज जाणे यांतील फरक या दोन आकड्यांत आहे. पूरक्षेत्रातील घरांनी इन्व्हर्टर जमिनीवर न ठेवता उंच फळीवर बसवावा, आणि घरात पाणी शिरण्याचा रंग दिसताच मुख्य स्विच बंद करावा. मेणबत्तीचे दिवस संपले असे खुशाल समजावे. पडद्याला लागणारी आग ही अंधारापेक्षा मोठी आपत्ती. दोन विजेऱ्या, त्यांचे सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत ठेवलेले, आणि एक सौर कंदील एवढ्यावर सामान्य घराचे काम भागते.

औषधे, पैसा आणि बातमी यांचा उल्लेख बहुतेक याद्यांच्या तळाशी असतो. वृद्धांच्या घरात तो वर आला पाहिजे. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार यांची नित्य औषधे महिनाभर पुरतील इतकी हाताशी असावीत. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली खोलीच्या बेताच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. न उघडलेल्या बाटलीसाठी शीतपेटी बंद पडल्यास ओल्या वाळूत ठेवलेले मडके हा आपल्याकडचा जुना आणि डॉक्टरांनीही मान्य केलेला मार्ग आहे, तथापि आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवणे बरे. जुलाबासाठी क्षारसंजीवनीच्या पुड्या असाव्यात. त्या नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णाच्या घराने वीज कार्यालयाला तसे आगाऊ कळवून पर्यायी सिलिंडरची तजवीज ठेवावी. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास तग धरतात, मग मुके होतात. त्यांच्याबरोबर फोनवरून पैसे देणेही थांबते. म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटांत दोन-तीन हजारांची रोकड आणि सेलवर चालणारा रेडिओ यांना पुन्हा घरात जागा द्यावी. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश एकाच वेळी विजेवाचून राहिले, तेव्हा तेथील दुकानांतून सर्वांत आधी संपलेल्या वस्तूंमध्ये हाच छोटा रेडिओ होता. शिधापत्रिका, आधार, विमा, सातबाराचा उतारा यांच्या प्रती पाण्याने भिजणार नाहीत अशा पिशवीत ठेवाव्यात. पुरानंतर पंचनामा व्हावयाचा असतो, आणि कागदांवाचून भरपाई मिळण्यास दमछाक होते.

इतर देशांची सरकारे नागरिकांस या बाबतीत काय सांगतात, हे थोडे पाहण्यासारखे आहे. जर्मनीने 2016 साली नागरिकांनी दहा दिवसांचे अन्न घरी ठेवावे असा सल्ला दिला, तेव्हा तेथे टवाळी झाली. पुढच्या काही वर्षांनी ती थांबविली. स्वीडनने 2018 साली घरोघरी माहितीपुस्तिका वाटली. भूकंपाचा सराव असलेल्या जपानात वेगळी पेटी भरून कोनाड्यात ठेवण्यापेक्षा, रोज खातो तेच पदार्थ थोडे जास्त आणून, जुने आधी वापरून आणि त्याच्या जागी नवे ठेवून साठा फिरता राखावा, अशी रीत शिकविली जाते. हे वाचून कोणत्याही कोकणातल्या वा घाटावरच्या आजीला नवल वाटले नसते. बाजारातून तयार मिळणाऱ्या आपत्कालीन पेट्यांपेक्षा ही पद्धत मला सर्वतोपरी श्रेष्ठ वाटते; पेटीतले बिस्किट तीन वर्षांनी उघडले तर खवट लागते, माळ्यावरचा तांदूळ दर महिन्याला उपसला जात असल्यामुळे कधी शिळा होत नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीची चाहूल लागताच ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांनी दुकाने रिती केली, आणि ज्यांच्या घरी रोजची मजुरी रोज येते व रोजचा शिधा रोज येतो, त्यांना रिकाम्या फळ्या पाहाव्या लागल्या. बेगमी आणि साठेबाजी यांतील भेद प्रमाणाचा तर आहेच, त्याहूनही तो काळाचा आहे: मे महिन्यात, बाजार भरलेला असताना थोडे थोडे आणून ठेवलेले धान्य ही बेगमी; आपत्ती दाराशी आल्यावर त्याच दुकानातून उचललेली पाच पोती ही साठेबाजी. ज्याने आधी भरून ठेवले तो संकटाच्या दिवशी दुकानाच्या रांगेत उभा राहत नाही, म्हणजे आपली जागा गरजवंतासाठी मोकळी करतो. तथापि ज्याच्या खोलीत पोते ठेवण्यास जागा नाही आणि हातात आगाऊ खर्च करण्यास पैसा नाही, त्याला बेगमीचे उपदेश ऐकविणे हा उद्धटपणा आहे. त्याची बेगमी ही सार्वजनिक जबाबदारी आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. पूरप्रवण आणि किनारी तालुक्यांत पावसाळ्यापूर्वीच दोन-तीन महिन्यांचे शिधावाटप आगाऊ व्हावे, ते मृगापूर्वी दुकानात पोचावे आणि पाणी पुरविणाऱ्या प्रत्येक योजनेच्या पंपाला जनित्र असावे, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेने करण्याजोगी आहे. गृहनिर्माण संस्थांपुरते बोलावयाचे तर लिफ्टच्या जनित्रावर लाखो रुपये खर्च करणारी कार्यकारिणी भूमिगत टाकीतून पाणी उपसण्यासाठी एक हातपंप बसवीत नाही, हे मला अद्याप न उलगडलेले कोडे आहे.

वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. मे महिन्यातील एखाद्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता, घरात कोणी आजारी अथवा तान्हे नसेल तर, मुख्य स्विच बंद करावा, नळ सोडू नये, फोन बाजूला ठेवावा आणि रविवारी सकाळी आठपर्यंत घर चालवून पाहावे. जे जे अडले ते कागदावर उतरवून काढावे. ती यादी तुमच्या घराची असेल, कोणत्याही छापील यादीपेक्षा ती खरी असेल, आणि तीत पहिल्या ओळीवर विजेरी लिहिलेली सापडेल असे मला वाटत नाही. ती घेऊन सोमवारी बाजारात जावे, आणि मृगापूर्वी काम उरकावे.